तीन मिनिटांची लढत आणि बाकीचे तास

रोबोंची लढत बहुतेक ठिकाणी तीन मिनिटांची असते. पॉलिकार्बोनेटच्या भिंतींआड दोन यंत्रे एकमेकांवर धावून जातात, ठिणग्या उडतात, एखाद्याचे चाक निखळून कोपऱ्यात पडते आणि बाहेर उभी असलेली मुले घसा फुटेस्तोवर ओरडतात. विद्यार्थ्यांच्या अशा स्पर्धेची नियमावली पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटते की तिच्यात लढायचे कसे ते लिहिलेले असेल. पण या तीन मिनिटांबद्दल तिच्यात फार थोडा मजकूर असतो. बरीचशी पाने बाकीच्या तासांसाठी खर्ची पडलेली असतात: बॉट खोक्यातून बाहेर कसा काढायचा, टेबलावर दुरुस्त करताना त्याला कसे ठेवायचे, बॅटरी कुठे चार्ज करायची, रिंगणाच्या दारातून आत गेल्यावर कोणत्या क्रमाने काय चालू करायचे आणि लढत संपल्यावर आत कोणी व कधी जायचे.

याचे कारण नीट समजून घेतले की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात. लढत सुरू असताना माणसे जाड भिंतीच्या पलीकडे असतात. लढतीच्या आधी आणि नंतर मात्र त्याच यंत्राच्या पात्यापासून वीतभर अंतरावर एखाद्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याची बोटे असतात. बॉट सर्वांत धोकादायक असतो तो रिंगणाबाहेर. विद्यार्थी-स्पर्धेची नियमावली चांगली की वाईट, हे मी याच एका कसोटीवर ठरवतो. रिंगणाबाहेरच्या वेळेची काळजी तिने किती घेतली आहे, ते पाहावे.

या खेळाच्या सुरुवातीला ही जाण कोणालाच पुरती नव्हती. मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये ‘रोबोट वॉर्स’ ही पहिली मोठी स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी तिथे ‘ब्लेंडो’ नावाचा बॉट उतरला. जेमी हाइनमन यांनी तो बांधला होता आणि ॲडम सॅव्हेज त्यांच्या मदतीला होते. पुढे ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगभर ओळखली गेलेली हीच ती जोडी. ब्लेंडोचे कवच मोठ्या चिनी कढईचे होते, तिच्या कडेला पाती बसवलेली होती आणि गवत कापायच्या यंत्राचे इंजिन ती सगळी कढई गरगर फिरवत असे. प्रतिस्पर्धी यंत्रांचे तुकडे रिंगणाच्या भिंतीवरून बाहेर उडू लागले, तेव्हा आयोजकांनी ब्लेंडोला सहविजेतेपद देऊन थांबवले. त्याने नियम मोडला नव्हता. मोडायला तसा नियमच नव्हता. फिरणाऱ्या वस्तूत किती ऊर्जा साठते याचा अंदाज त्या दिवशी रिंगण बांधणाऱ्यांना आला.

तो अंदाज आपणही आकड्यांत घेऊ. अमेरिकेतल्या विद्यार्थी-लीगमध्ये १५ पौंडांचा, म्हणजे ६.८ किलोचा बॉट चालतो. समजा अशा बॉटवर दीड किलोची, २५ सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी मधोमध आसावर बसवली आहे आणि ती मिनिटाला ८,००० फेरे घेते. पट्टीचे जडत्व-आघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२ या सूत्राने निघते, ते येते सुमारे ०.००७८ किलोग्रॅम-वर्गमीटर. कोनीय वेग सेकंदाला सुमारे ८३८ रेडियन. या दोन्हींवरून गतिज ऊर्जा काढली तर ती २,७०० ज्यूलच्या वर जाते. पन्नास किलोची सिमेंटची गोणी साडेपाच मीटर उंचीवरून खाली सोडली तर जमिनीवर आदळताना तिच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी ही आहे. फरक एवढाच की इथे ती बोटभर रुंदीच्या एका पोलादी टोकातून बाहेर पडते. त्या टोकाचा वेग सेकंदाला १०५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३७५ किलोमीटरहून जास्त असतो. ‘बॅटलबॉट्स’ या अमेरिकी स्पर्धेत ११३ किलोंच्या अवाढव्य यंत्रांनाही ताशी २५० मैलांची, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरची मर्यादा आहे. उचलून कडेवर घेता येईल असा विद्यार्थ्यांचा बॉट त्या मर्यादेच्या जवळ सहज पोहोचतो.

या सूत्रात वेगाचा वर्ग येतो. फेरे दुप्पट केले की ऊर्जा चौपट. तेवढेच पोलाद पट्टीऐवजी बाहेरच्या कडेला कड्याच्या रूपात नेले की त्याच फेऱ्यांना ऊर्जा तिप्पट. म्हणूनच तपासनीस मोटारीचे नाव विचारून थांबत नाहीत. पात्याचे वजन किती, व्यास किती, फेरे किती, हे अर्जातच लिहून मागतात. मिनिटाला अमुक फेऱ्यांपेक्षा जास्त नको एवढाच नियम कोणी केला, तर मुले फेरे कमी ठेवून पाते जड करतील आणि धोका तसाच राहील. मर्यादा घालायचीच असेल तर ती टोकाच्या वेगावर किंवा साठलेल्या ऊर्जेवर घालावी.

जास्त फेरे म्हणजे जास्त मार, असा अनेक नव्या संघांचा समज असतो. तोही तपासण्यासारखा आहे. प्रतिस्पर्धी सेकंदाला तीन मीटर वेगाने जवळ येत असेल आणि ८,००० फेऱ्यांच्या पात्याला दोन दात असतील, तर एक दात गेल्यावर दुसरा येईपर्यंत तो फक्त ११ मिलिमीटर पुढे सरकतो. दात त्याच्या अंगात तेवढाच शिरू शकतो. एकच दात ठेवला तर हा घास २२ मिलिमीटरचा होतो. फेरे आणखी वाढवले की घास आणखी लहान होतो आणि पाते नुसते खरवडत राहते. अनुभवी संघ एका बाजूला दात आणि दुसऱ्या बाजूला तोलासाठी वजन असे पाते बनवतात ते याचसाठी. वेगाची मर्यादा पाळून जिंकता येते, हे मुलांना गणिताने पटवून दिले की नियमाविषयीची कुरकुर बरीच कमी होते.

वजनगट ठरवणे सोपे वाटते, पण वादाचे मूळ तिथेही असतेच. भारतात ८, १५, ३० आणि ६० किलो असे गट रूढ आहेत. परदेशात दीडशे ग्रॅमच्या चिमुकल्या बॉटपासून शंभर किलोंपुढच्या यंत्रांपर्यंत अनेक पायऱ्या आहेत. चाकांऐवजी पायांवर चालणारा बॉट बांधणे अवघड असते, म्हणून अशा बॉटला जादा वजनाची सवलत देण्याची पद्धत पडली. २००१ मध्ये बॅटलबॉट्सच्या हेवीवेट गटात ‘सन ऑफ व्हायाची’ नावाचा बॉट आला. त्याला चाके नव्हती. फिरत्या कॅमवर बसवलेली बरीच लहान पावले आळीपाळीने जमिनीला टेकत आणि बॉट सरपटत पुढे जाई. नियमांच्या शब्दांप्रमाणे ते चालणेच होते. त्याला गटाच्या दीडपट वजन मिळाले, ते सगळे त्याने फिरत्या शस्त्रात घातले आणि अंतिम फेरीत ‘बायोहॅझर्ड’ या मुरलेल्या बॉटला हरवून विजेतेपद नेले. त्यानंतर ‘चालणे’ म्हणजे काय, याची व्याख्या बदलली आणि अशा सरपटणाऱ्या यंत्रांची सवलत गेली. बांधणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. नियम वाचून त्यातली मोकळी जागा शोधणे ही अभियांत्रिकीच आहे. पुढच्या वर्षी ती जागा बुजवणे, हे आयोजकाचे काम.

आता रिंगणाबाहेरचे नियम. अमेरिकेत आधी रोबोट फायटिंग लीगने आणि नंतर ‘स्पार्क’ नावाच्या सामाईक नियमावलीने यांची घडी बसवली. जगभरच्या अनेक स्पर्धांची कलमे तिथूनच उचललेली आहेत.

पहिले कलम कुलपाचे. रिंगणाबाहेर असताना फिरणारे, आपटणारे किंवा उचलणारे कोणतेही शस्त्र धातूच्या खिळीने किंवा पट्टीने यांत्रिकरीत्या जखडलेले असलेच पाहिजे. चिकटपट्टी किंवा प्लास्टिकचा टाय चालत नाही. मोटार पूर्ण जोर लावून फिरू पाहिली तरी अडवून धरेल, इतकी ती खिळी मजबूत हवी. या कलमाचा महत्त्वाचा भाग असा की बॉटला वीज जोडतानाही खिळी जागेवरच असते. आधी वीज, मग खिळी काढणे, मग दाराबाहेर. हा क्रम उलटा केला तर वीज जोडणाऱ्याचा हात आणि मोकळे पाते एकाच वेळी एकाच जागी येतात. बरेच संघ खिळीला लाल फीत लावतात, म्हणजे ती आत विसरली किंवा बाहेर हरवली तर लगेच दिसते.

दुसरे कलम बॉट टेकवून ठेवण्याचे. पिटमध्ये, म्हणजे संघांच्या टेबलांच्या भागात, बॉट लाकडी ठोकळ्यावर असा ठेवायचा की चाके अधांतरी राहतील. चुकून रिमोटची कळ दाबली गेली तर चाके हवेत फिरतील. पंधरा किलोंचा बॉट टेबलावरून सुटून कोणाच्या पायावर पडणार नाही. या नियमाला खर्च शून्य आहे आणि तरी सर्वांत जास्त वेळा तोच मोडलेला दिसतो.

तिसरे कलम वीज तोडण्याचे. बॉट पूर्ण निर्जीव करायला, म्हणजे चाके आणि शस्त्र दोन्हींची वीज हाताने तोडायला, एका मिनिटाहून जास्त वेळ लागता कामा नये. त्यासाठी बहुतेक संघ लिंक वापरतात: तारेचा छोटा वेटोळा असलेला एक प्लग, जो उपसला की बॅटरीचा संबंध तुटतो. तो कुठे बसवायचा यात कौशल्य आहे. शस्त्राच्या फिरण्याच्या पट्ट्यात हात न घालता तो काढता आला पाहिजे आणि बॉट उलटा पडला असतानाही सापडला पाहिजे. लिंक काढायला आधी चार स्क्रू खोलावे लागत असतील तर तो बॉट तपासणीत नापास व्हायला हवा. शिवाय वीज चालू असल्याचा दिवा बाहेरून स्पष्ट दिसला पाहिजे, कारण दुरून पाहणाऱ्याला बॉट जिवंत आहे की नाही हे सांगणारी तीच एक खूण असते. आणि शस्त्राची वीज तुटल्यावर ते साठ सेकंदांत पूर्ण थांबले पाहिजे. तोपर्यंत दार उघडायचे नाही.

चौथे कलम फेलसेफचे. माझ्या मते सगळ्या नियमावलीत याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. रिमोटचा संदेश तुटला किंवा रिमोटची बॅटरी संपली, की बॉटची सगळी हालचाल थांबली पाहिजे. सांगायला हे सोपे. पण मुले वापरतात ते रिमोट आणि रिसीव्हर मूळचे खेळण्यातल्या विमानांसाठी बनवलेले असतात. विमानाचा संदेश क्षणभर तुटला तर शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवणे शहाणपणाचे असते. विमान सरळ उडत राहते आणि संदेश परत येतो. त्यामुळे काही रिसीव्हर तसेच वागतात. बॉटच्या बाबतीत याचा अर्थ असा की शेवटचा हुकूम ‘पूर्ण वेगाने फिर’ असेल तर संदेश गेल्यावरही शस्त्र पूर्ण वेगाने फिरतच राहील. काही रिसीव्हर जोडणी करताना कळ ज्या जागी असेल तीच जागा फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. जोडणीच्या वेळी थ्रॉटल चुकून वर राहिली असेल तर बिघाडाच्या क्षणी बॉट तेच करणार. म्हणून तपासनीस कागदावर खूण करून पुढे जात नाही. बॉट ठोकळ्यावर ठेवतो, चाके फिरवायला सांगतो आणि चालू अवस्थेत रिमोट बंद करतो. चाके थांबली तर पास. शस्त्राची हीच चाचणी बंद पेटीत किंवा रिंगणातच होते. यातूनच चालू-बंद करण्याचा क्रम ठरला आहे: आधी रिमोट चालू, मग बॉट, आधी बॉट बंद, मग रिमोट.

जुन्या रेडिओंच्या काळात आणखी एक भानगड होती. ठरावीक चॅनेलच्या स्फटिकावर चालणारे दोन रिमोट एकाच चॅनेलवर असले तर एकाने दुसऱ्याचा बॉट हलायचा. त्यासाठी प्रत्येक चॅनेलचा एकेक चिमटा फळ्यावर लावलेला असे. चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच रिमोट चालू करायचा. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या रिसीव्हरशी बांधलेले असल्यामुळे चिमटे गेले. वायरने जोडलेले बॉट आपल्याकडच्या कॉलेजांत बरीच वर्षे चालले. हातात स्विचचा डबा, त्यातून निघालेली लांब वायर आणि ती ढिली ठेवण्याचा नियम. स्वस्त म्हणून सुरुवातीला ते योग्यच होते. पण वायर जाते तिथे भिंतीला फट लागते. जोरात फिरणारी पाती आल्यावर वायरच्या बॉटना रिंगणात जागा राहिली नाही.

बॅटरीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी असते आणि क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते, म्हणून सगळे तीच वापरतात. तिचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. त्यापुढे भरला किंवा तीन व्होल्टखाली उतरवला की तो बिघडतो. आणि त्यात धातूचा तुकडा घुसला तर आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन तो पेटतो. शेजारचे सेल त्या उष्णतेने पेटतात. धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात. त्यामुळे नियम असे: बॅटरी बॉटच्या गाभ्यात, मऊ गादी देऊन, अणकुचीदार स्क्रूंपासून दूर बसवायची. चार्जिंग बॉटमधून बाहेर काढून, ठरवून दिलेल्या जागी, प्रत्येक सेल वेगळा मोजणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, आगरोधक पिशवीत, आणि समोर माणूस बसलेला असतानाच करायचे. रात्री हॉस्टेलच्या खोलीत चार्जिंगला लावून झोपायचे नाही. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, मग ती कितीही महाग असो. रिंगणात धूर दिसला तर धूर बाहेर काढणारे पंखे आधी आणि माणसे नंतर. ज्यांना वजनाची थोडी किंमत मोजायची तयारी आहे त्यांच्यासाठी लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटऱ्या जास्त शांत स्वभावाच्या असतात, नव्या संघांनी त्यांचा विचार जरूर करावा. आम्ल भरलेल्या उघड्या बॅटऱ्यांना मात्र बंदी असते, कारण बॉट उलटणार हे गृहीतच आहे.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या फ्लिपरचे नियमही याच धर्तीचे आहेत. दाबमापक, जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, आणि लढत संपली की सगळा दाब बाहेर सोडता येईल अशी सोय.

पाते कशाचे आहे हेही तपासले जाते. बाजारात मिळणारे लाकूड कापायचे पाते किंवा ग्राइंडरचे चाक ठरावीक फेऱ्यांसाठी, ठरावीक कामासाठी बनलेले असते. दुसऱ्या पोलादावर आदळल्यावर ते फुटते आणि तुकडे होऊन उडते. जास्त कडक केलेले पोलादही असेच ठिसूळ होते. भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत पाते कापून घ्यायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला अनुभवी कारागीर पहिला प्रश्न विचारतो, तो हार्डनिंग किती करायचे हा. ईएन-२४ सारखे पोलाद भरपूर कडक करता येते. पण दाताला धार टिकण्याइतका कडकपणा आणि न तुटण्याइतका चिवटपणा यांचा मेळ घालावा लागतो. या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी धातुशास्त्राचे अख्खे सत्र नव्याने वाचणारी मुले आहेत. रिंगणाच्या भिंतीला ॲक्रिलिक का चालत नाही याचे उत्तरही तेच. दिसायला ते पॉलिकार्बोनेटसारखेच पारदर्शक, पण मार बसला की तडकून त्याच्या धारदार फाकळ्या होतात. पॉलिकार्बोनेट वाकते आणि मार पचवते.

एवढे सगळे पार पडल्यावर लढत येते. तिचे नियम थोडक्यात संपतात. बॉट हलेनासा झाला की पंच दहा आकडे मोजतो. तेवढ्यात ताब्यात असलेली, जागा बदलणारी हालचाल दाखवता आली नाही तर लढत गेली. एकाच जागी गरगर फिरणे किंवा शस्त्र नुसते हलवणे ही हालचाल धरत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला भिंतीशी दाबून धरायचे असेल तर साधारण दहा सेकंद, मग सोडायचे. आणि कोणत्याही क्षणी संघ टॅपआउट करू शकतो, म्हणजे हार मान्य करून लढत थांबवू शकतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत टॅपआउटला पूर्ण मान असायला हवा. पुढच्या फेरीसाठी मोटारी वाचवणारा संघ भित्रा नसतो, आणि सूत्रसंचालकाने त्याची थट्टा करू नये.

दोघेही तीन मिनिटे टिकले तर निर्णय परीक्षकांकडे जातो. स्पार्कच्या पद्धतीत प्रत्येक परीक्षक अकरा गुण वाटतो, पाच आक्रमकतेचे आणि सहा नुकसानीचे. बॅटलबॉट्समध्येही अकराच, पण पाच नुकसानीचे, तीन आक्रमकतेचे आणि तीन ताब्याचे. विषम आकडा मुद्दाम आहे, बरोबरी होऊ नये म्हणून. खरी अडचण नुकसान ओळखण्यात असते. ठिणग्यांचा लोट उठला तरी चिलखतावर नुसता ओरखडा उमटलेला असू शकतो. उलट काहीच न दिसता आत साखळी उतरून एक बाजू लंगडी झालेली असू शकते. म्हणून चांगल्या नियमावलीत नुकसानीच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात: रंग खरवडणे सर्वांत खाली, शस्त्र किंवा चाक निकामी होणे वरच्या पायरीवर. आमच्याकडच्या अनेक कॉलेज-स्पर्धांत निकालानंतर वाद होतात, आणि त्याचे कारण बहुधा हेच असते की परीक्षकांना हा तक्ता आधी दिलेला नसतो.

बंदी असलेल्या गोष्टींची यादी मोठी असते: आग, स्फोटके, द्रवपदार्थ, गोंद, धूर, डोळे दिपवणारे लेझर, रिमोटचा संदेश बिघडवणारी यंत्रे, सुटे फेकण्याचे अस्त्र, जाळी आणि दोऱ्या. यादी का लिहावी लागते ते २०१५ मध्ये बॅटलबॉट्समध्ये दिसले. ‘कम्प्लीट कंट्रोल’ या बॉटने भेटवस्तूच्या खोक्यात जाळी लपवून आणली आणि ‘घोस्ट रॅप्टर’चे फिरते शस्त्र तिच्यात अडकवून थांबवले. जाळी चालत नाही असे सगळे धरून चालले होते, पण त्या वर्षीच्या लेखी नियमांत ते नव्हते. शेवटी जाळीशिवाय लढत पुन्हा झाली आणि घोस्ट रॅप्टर जिंकला. परंपरेने सर्वांना माहीत आहे ते कागदावर उतरवायला हवे, विशेषतः विद्यार्थी दरवर्षी नवे असतात अशा स्पर्धेत.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला आणखी एक हेतू असतो आणि तो नियमांत दिसायला हवा. अमेरिकेतली नॅशनल रोबोटिक्स लीग ही १५ पौंडांच्या बॉटची लीग टूलिंग आणि मशीनिंग उद्योगांच्या संघटनेने उभी केली. कारखान्यांना कुशल हात हवे होते, आणि मुलांना कारखान्याच्या दारापर्यंत आणायला बॉटइतके आकर्षक दुसरे काही नव्हते. तिथे संघांची गाठ जवळपासच्या मशीन शॉपशी घालून दिली जाते, आणि बॉटचे आराखडे, केलेले बदल, फसलेले प्रयत्न यांची वही ठेवणे हा कामाचाच भाग मानला जातो. त्या नोंदींनाही बक्षिसे असतात. पहिल्याच फेरीत चक्काचूर झालेला संघही वही घेऊन परीक्षकांसमोर बसतो आणि पाते कुठून तुटले, का तुटले ते सांगतो. आपल्याकडे मुंबई आयआयटीचा टेकफेस्ट १९९८ पासून भरतो आणि पवईतल्या रोबोवॉरला देशभरातून संघ येतात. इतरही कितीतरी कॉलेजांत लहान-मोठी रिंगणे उभी राहतात. बक्षिसाची रक्कम मोठी असते, प्रेक्षक अमाप असतात. वहीला गुण देणारे आयोजक मात्र मला फार विरळा दिसतात, आणि ही उणीव भरून काढायला पैसे लागत नाहीत.

एक प्रसंग प्रत्येक आयोजकावर येतोच. दूरच्या गावाहून एक संघ रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेला असतो. वर्गणी काढून मोटारी घेतलेल्या असतात, प्राचार्यांची परवानगी महिनाभर खेटे घालून मिळवलेली असते. तपासणीत रिमोट बंद केला तरी चाके फिरत राहतात. मुले म्हणतात, सर, एकदा खेळू द्या, आम्ही सांभाळतो. अशा वेळी नाही म्हणणे जड जाते. तरी नाहीच म्हणायला हवे, आणि त्यानंतर तपासनिसाने त्यांच्या शेजारी बसून फेलसेफ बसवून द्यायला हवा. त्यासाठी तपासणी लढतीच्या सकाळी न ठेवता आदल्या दिवशी ठेवावी आणि पिटमध्ये दुरुस्तीसाठी माणूस, सोल्डरिंग आयर्न आणि जादा रिसीव्हर ठेवावेत.

पुढच्या हंगामासाठी बॉट बांधायला निघालेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. मोटारीची ऑर्डर देण्याआधी नियमावली छापून घ्या आणि संघातल्या प्रत्येकाने ती पेन्सिल घेऊन वाचा. आराखड्याच्या पहिल्या कागदावर पात्याच्या आधी लिंकची जागा आणि खिळीचे भोक काढा. साधे चष्मे पुरत नाहीत, सेफ्टी गॉगल प्रत्येकासाठी घ्या, पायात बंद बूट असू द्या. ज्या स्पर्धेची नियमावली दोन पानांची आहे आणि तिच्यात फेलसेफ, खिळी व चार्जिंगच्या जागेबद्दल एक ओळही नाही, तिथे बॉट घेऊन जाण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर त्या वर्षी तिथे जाऊ नका.